तिजेचं पाणी

जुन्या धक्क्यावर जो दगड शोधायचा होता, त्यातून दादा चौबळांना तीन लाभ व्हायचे होते. सात वर्षं रेंगाळलेल्या त्यांच्या मांडबंदरच्या इतिहासाला शेवटचं प्रकरण मिळणार होतं. जेट्टीवर 'प्राचीन बंदर' अशी पाटी लागणार होती आणि पाटीखाली संशोधक म्हणून त्यांचं नाव. तिसरा लाभ त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता, पण वजनदार तोच. खाडीपलीकडचे प्राध्यापक सलिल प्रधान भर सभेत म्हणाले होते, "मांडबंदर हे नावापुरतं बंदर. इथं गलबत लागल्याची एक खूण दाखवा, मी टोपी काढतो." प्रधान टोपी घालत नसत, पण दादांना ती काढलेली पाहायची होती.

वाट दाखवायला निघालेल्या हिरामणला मिळणार होता चहा. तोही परत आल्यावर, चौबळांच्या वाडीत, मागच्या पडवीत.

हिरामण मिठागरवाल्यांचा. मिठागरं गेली तशी त्यानं दोन डंपर घेतले, त्यातला एक स्वतः चालवायचा. पण खाडीचा चिखल त्याच्या तळपायांना अजून ओळखत होता. शाळेत दादा त्याचे गुरुजी. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या झाला तरी त्यांच्यासमोर बोलताना त्याचे हात आपोआप पाठीमागे जात.

जुना धक्का खाडीच्या मध्यावर होता आणि पुरता सुकायचा तो फक्त मोठ्या ओहोटीला. ओहोटी कधी, हे दादा मोबाइलला विचारत नसत. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ हातात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवशी लाल गणपती छापलेला, म्हणजे संकष्टी. चार पाऊणे तीन. तीनला भरती, म्हणून नऊला पुरती ओहोटी.

"पण गुरुजी," तिवरांशी थांबून हिरामण म्हणाला, "मनुबाई आज पालीला गेलीय, बल्लाळेश्वराला. ती म्हनत व्हती, चवथ दुपारनंतर लागतेय. म्हंजे सकालची तीजच ना?"

दादा हसले. "बायको पंचांग शिकवते वाटतं? पाऊणकी पाठ नव्हती म्हणून मी तुला किती वेळा उभं केलं होतं?"

"लय येला," म्हणत हिरामणही हसला. पुढे चालू लागला. गुरुजींना खोटं पाडायचं म्हणजे काय चेष्टा आहे?

पौषातली सकाळ. धुकं एवढं की मागे वळून पाहिलं तर काठ नाही, पुढे पाहिलं तर धक्का नाही. मधला ओढा घोट्याएवढा होता, तो ओलांडून दोघं धक्क्याला लागले. काळे चिरे, त्यांवर कालवांचा जाड थर. दादा गुडघ्यांवर बसून खुरप्यानं कालवं खरवडू लागले. तासाभरानं एका चिऱ्यात वाटोळं भोक उघडं पडलं. कडा दोरानं घासून गुळगुळीत झालेल्या. गलबत बांधायचं भोक! शेजारी आणखी एक. दादांनी मोबाइल काढला, एक फोटो घेतला, आणखी चार घेतले.

"गुरुजी, पानी फिरलं."

"अरे, नऊला अजून वीस मिनिटं आहेत."

"फेस बगा ना कुठं चाललाय."

दादांनी पाहिलं. धक्क्याच्या पायाशी ओढ्यात फेसाचा एक पुंजका होता. तो काठाच्या दिशेला सरकत होता. सावकाश, पण न थांबता. तरी तोंड म्हणालं, "वाऱ्यानं असेल."

वारा नव्हताच. तो असता तर धुकं टिकलं नसतं.

तिसरं भोक सापडेपर्यंत नऊ वाजले. उठून पाहतात तर समोरचं पाणी अजून लांब होतं. पाठीमागचा ओढा मात्र भरलेला. खाडीचं पाणी समोरून चाल करत नाही, आधी मागची वाट बुडवतं. हे दादांनी स्वतःच दुसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं.

तीजच होती. तीन पाऊणे सव्वादोन. सव्वाआठलाच पाणी फिरलं होतं. पाऊण तास.

"माज्या मागून या. पाय रुतला तर उपसू नका, सरल आडवं व्हा," हिरामण म्हणाला आणि ओढ्यात उतरला. पाणी त्याच्या छातीला लागलं. दादा उतरले तेव्हा हनुवटीला. थंडीनं श्वास अडकला, चष्मा गेला. काठ कुठल्या बाजूला होता? सगळीकडे तेच पांढरं. चिखलानं उजवा पाय पोटरीपर्यंत गिळला, एक लाट तोंडात शिरली, आणि एकाहत्तर वर्षांच्या शहाणपणातलं काहीच उरलं नाही. दादांनी समोरचे खांदे धरले आणि त्यांवर चढले.

खांदे खाली गेले. दादा वर आले. हवा मिळाली, ती त्यांनी घेतली, पुन्हा घेतली. पायांखाली काहीतरी धडपडत होतं. ते काय आहे हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी पकड सोडली नाही.

किती वेळ? नंतर त्यांनी पुष्कळदा अंदाज केला. दहापर्यंत मोजता येईल इतका.

मग खालून एका जोराच्या रेट्यानं त्यांना तिवरांच्या मुळांवर भिरकावलं. मागाहून हिरामण वर आला, खोकत, ओकत. धक्क्याच्या ढासळलेल्या चिऱ्यांत त्याचा पाय अडकला होता. तो त्यानं हिसडून काढला होता, आणि कालवांनी टाचेमागची शीर हाडापर्यंत कापली होती. मुळांवरून रक्त पाण्यात उतरत होतं. दादांना चष्म्याशिवायही ते दिसलं.

"लागलं न्हाय ना, गुरुजी?" हिरामणनं विचारलं.

संध्याकाळी अलिबागच्या दवाखान्यात मनुबाई पालीहून थेट आली, हातात प्रसादाचा पुडा. दादा दाराशी बाकावर बसले होते. ती येताना दिसली तसे ते उभे राहिले. सांगायचं होतं ते त्यांनी दुपारभर मनात जुळवलं होतं. पण ती आधी आत गेली, नवऱ्याशी बोलली, बाहेर आली आणि वाकून दादांच्या पाया पडली.

"यांनी सांगितलं मला. तुमी वर खेचलंत म्हनून वाचले. न्हाय तर आज काय व्हतं माजं?"

दादांनी दारातून आत पाहिलं. हिरामण छताकडे बघत होता.

"अगं, मी काय... देव आहे," दादा म्हणाले आणि प्रसाद घेतला.

पुस्तक आलं, पाटीही लागली. प्रकाशनाला प्रधानांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दादा आता खाडीकडे फिरकत नाहीत. आंघोळीचा तांब्या डोक्यावर ओततानाही डोळे उघडे ठेवतात.

कुणाचं काय गेलं ते मांडायचं तर असं. दादांचा चष्मा गेला, पंधरा दिवसांत नवा आला. हिरामणची टाच गेली. त्या पायानं ब्रेक दाबला जात नाही, म्हणून स्वतः चालवायचा तो डंपर विकला. आणि त्या दिवशी बायकोशी एक खोटं बोलावं लागलं, तेही हिरामणलाच.