तीन ठोके

काळ्या रबरी कड्याला एक केस चिकटला होता, पापणीचा असावा. कडं उजेडात तिरकं धरलं तरच दिसेल इतका बारीक, आणि एवढ्याशा केसापायी कॅमेऱ्याच्या पेटीत पाणी शिरतं, मग सगळं मुसळ केरात. तिने तो नखाने उचलला, कडं खाचेत बसवलं आणि पेटी बंद केली. होडी संथ डुलत होती. समोरच्या बाकावर तिची आजची जोडीदारीण, दातांची डॉक्टर, पायांत रबरी पंख चढवत होती.

"पाणी काय नितळ आहे बघ!" डॉक्टर म्हणाली.

"हं."

त्या बाकावर पूर्वी दादा बसायचा. त्यानेच तर तिला पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवलं, त्यानेच पहिला कॅमेरा हातात दिला... पण तीन वर्षं झाली, दादा किनाऱ्यावरच असतो.

दोघी खाली उतरल्या. पाण्यात सगळ्यात आधी लाल रंग विझतो. डॉक्टरचा लालभडक पोशाख बघता बघता मातकट झाला. खाली प्रवाळाचं पठार, फांद्या, पंखे, सगळं निळसर राखाडी. फ्लॅश उडाला की मात्र क्षणभर केशरी, जांभळं, शेंदरी असं काही उसळून येतं, की वाटतं हे रंग इथे कुणासाठी आहेत? ती एका फांदीपाशी स्थिरावली. बोटाएवढा मासा फांदीआड थांबला होता. याच जातीचा तो... नको. आत्ता नको.

पण आठवण विचारून येते थोडीच. तेव्हाही ती अशीच तरंगत होती. त्या माशाने तोंडात अंडी धरली होती. बापच धरतो, दिवसच्या दिवस उपाशी राहून, आणि मध्येच तोंड उघडून ती फिरवतो. तेवढ्या निमिषात अंड्यांतले चिमुकले डोळे दिसतात. त्या निमिषासाठी ती पाऊण तास थांबली होती. आणि मागून दादाने सिलिंडरवर ठोकलं. टण्, टण्, टण्. ऐकलं मी. स्पष्ट ऐकलं. मागे न बघताच एक बोट वर केलं, एक मिनिट, दादा... माशाने तोंड उघडलं. फोटो मिळाला. वळले तर दादा नव्हता. त्याच्या नळीतून हवा येणं बंद झालं होतं आणि तो एकटाच, नको तितक्या वेगाने, वर गेला होता. रक्तात बुडबुडे झाले, इस्पितळात सांगितलं. डावा पाय कायमचा ओढत राहिला. हवा संपली तर जोडीदाराच्या सिलिंडरमधून घ्यायची, त्यासाठीच तर जोडीदार असतो. "मला काही ऐकूच आलं नाही," तिने सगळ्यांना सांगितलं, वहिनीला तर रडत रडत. सगळ्यांनी तिलाच समजावलं.

टण्, टण्, टण्.

ती गर्रकन वळली. कॅमेरा हातातून सुटून दोरीला लोंबकळला, तळाची वाळू उठली. तिने डॉक्टरचा दंड पकडला, तिच्या हवेचा काटा पाहिला. अर्ध्याहून जास्त होती. डॉक्टर मुखवट्यामागे हसत होती. कपारीतून डोकावणाऱ्या ठिपक्यांच्या वाम माशाकडे बोट दाखवत होती. बस, एवढंच. तरी तिने काटा पुन्हा एकदा पाहिला.

दुपारी ती दादाकडे जेवायला गेली. बाहेरच्या खोलीत तो फोटो होता. दादाने स्वतः चौकट करून लावलेला, येणाऱ्याजाणाऱ्याला "आमच्या ठमीने काढलाय" असं सांगायला. दादा त्याच्याखालीच बसला होता, काठी मांडीवर आडवी. स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली, "वन्सं, ताटं घेते हं, बोलत बसू नका."

"दादा, त्या दिवशी तू ठोकलंस ना... मी ऐकलं होतं."

शब्द बाहेर पडले, आणि आता ते आत घेता येणार नव्हते. आतला भांड्यांचा आवाज थांबला. दादा काठीची मूठ पुसत राहिला.

"ते होय?" तो म्हणाला. "ते कासव दाखवायला ठोकलं होतं गं. हे एवढं थोरलं! तू बघेनास, म्हणून मी गेलो त्याच्यामागे. हवा त्यानंतर अडली."

"कासव? तू कधी बोलला नाहीस."

"तू विचारलंस कधी? तुझं आपलं एकच, ऐकू नाही आलं, ऐकू नाही आलं." तो हसला. मग आत वळून म्हणाला, "अगं, वाढतेस ना?" आणि भांडी पुन्हा वाजू लागली.

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. कासव असेलही. त्या पाण्यात कासवं असतात. किंवा नसेलही, मग याला सगळं पहिल्यापासून माहीत होतं, आणि तीन वर्षं तो हे कासव तयार ठेवून वाट बघत होता, ठमी कधी बोलेल याची... सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याऐवजी जुना, ओळखीचा, जवळजवळ उबदार असा राग आला. लहानपणी पत्ते खेळताना तो मुद्दाम हरायचा तेव्हा यायचा तसा. तेव्हा ती चिडून त्याच्या हातातले पत्ते हिसकून बघायची.

आता तिने हिसकलं नाही. ती उठून त्याच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून. आणि दोघंही वहिनीच्या हाकेची वाट बघू लागली.