जुना उतार

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पंगतीत वाढता वाढता शेजारच्या अनुसयाबाई कुणाला तरी सांगत होत्या, "मले म्हनला ना बुढा, मी जाऊन राहिलो व बाई. मले वाटलं, वावरात जाऊन राहिला. मले का मालूम, असा जाऊन राहिला म्हून." मी वरणाची बादली घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. त्यांनी वळून पाहिलं आणि पुढच्या पानाकडे सरकल्या.

बाबा नहरीत बुडून गेले. काठावर त्यांच्या चपला जोडून ठेवलेल्या सापडल्या. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि तेव्हापासून ते फारसं बोलत नव्हते. गावाला एवढं पुरलं. माझा भाऊ राजदीप म्हणाला, "ताई, आता उकरू नको. त्यांना जायचं होतं, गेले."

मला ते मान्य करता येत नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं. त्यांना खरंच जायचं होतं का, एवढंच मला कळायला हवं होतं.

नागपूरला परतण्याआधी मी खुशालभाऊंकडे गेले. ते धिवर, मासे धरणारे, बाबांचे जुने सोबती. राईस मिलच्या पुलाखालच्या जाळीला अडकलेले बाबा त्यांनीच डोंग्यात घेतले होते. नहर वर्षानुवर्षं गाळानं आणि बेशरमच्या झाडांनी भरलेली होती. गेल्या उन्हाळ्यात ती साफ करून दोन्ही बाजूंनी सिमेंटची केली. आता उन्हाळी धानासाठी पाणी सोडलं की खुशालभाऊ खालच्या तलावापर्यंत डोंगा घेऊन जातात.

"मला पुलापर्यंत न्या," मी म्हटलं.

"रोडनं ऑटो हाय ना. डोंग्यात कायले बसता?"

"बाबा ज्या वाटेनं गेले ती वाट पाहायची आहे."

"वाट का पाहाची? पानी हाय, निरा पानी." त्यांनी डोंगा ढकलायचा बांबू उचलला. मग म्हणाले, "बसा. मधात बसा. हालू नका, तुमच्या बाबासारखं. तो डोंग्यातबी उभा राहून भाषन दे."

डोंगा अरुंद, नहरही अरुंद. दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या भिंती तिरप्या वर गेलेल्या. खाली बसल्यावर धानाच्या बांध्या दिसत नाहीत, नुसतं आभाळ दिसतं आणि काठावरून चालणाऱ्यांचे पाय. एक बाई डोक्यावर रोपांचा भारा घेऊन गेली. तिनं वाकून विचारलं, "कोन व, ताराचंदची पोरगी का?" मी हो म्हणेपर्यंत ती मागे पडली होती.

थोडं पुढे गेल्यावर खुशालभाऊंनी बांबू रोवून डोंगा थांबवला.

"इथं होत्या चपला."

जागा मी लगेच ओळखली नाही. मग काठावरचं मोहाचं झाड दिसलं. इथं उतार होता, मातीचा. म्हशी इथूनच पाण्यात जायच्या. बांधीतून आलेला प्रत्येक माणूस चपला वर काढून इथं उतरायचा, गुडघ्यापर्यंतचा चिखल धुवायचा. आई मला खांद्याला धरून इथंच पाय चोळायला लावायची. कडेला बेशरमच्या फांद्या असत, पाय घसरला तर धरायला. आता त्या जागी भिंत होती, बाकीच्या भिंतीसारखीच. पाण्याच्या वरपर्यंत हिरवं शेवाळ चढलेलं.

मी डोंग्यातून एक पाय भिंतीवर टेकवला. टेकला म्हणेपर्यंत तो खाली आला, गुडघा सिमेंटवर आपटला. खुशालभाऊंनी माझा दंड इतक्या जोरात धरला की डोंगा कलंडता कलंडता राहिला.

"मेल्यासाठी जित्यानं मराव का?" ते ओरडले. "शिकल्या-सवरल्या बाई तुमी! एक तं डोंगा माहा, वरतून जीव तुमचा!"

"पाय धुवायला उतरले असतील," मी म्हटलं. "सवयीनं."

"असन." त्यांनी बांबू उचलला. "लोकाइले कोन सांगन?"

पुढे विटांच्या भट्ट्या लागल्या, मग राईस मिलांच्या मागच्या बाजू. समोरून दुकानं, फलक, ट्रक असतात. नहरीच्या बाजूला फक्त उंच भिंती, भुशाचे ढीग आणि धुराडी. उकडलेल्या उसन्या तांदळाचा आंबूस वास. भुशाची काळी राख पाण्यावर पसरलेली, आमच्या कपड्यांवरही बसत होती. आणि आवाज. इतका की मी काही विचारलं ते मलाच ऐकू आलं नाही. खुशालभाऊंनी कानाकडे बोट केलं.

काठावर एक हमाल पाठमोरा बसून बिडी ओढत होता. खुशालभाऊंनी हाक दिली, "टेकचंद! ए टेकचंद!" तो हलला नाही. पुन्हा दिली. शेवटी त्यांनी बांबूनं त्याच्या पायावर पाणी उडवलं तेव्हा तो दचकून शिवी देत वळला आणि हसला.

"बहिरा नाई तो," मिलच्या टोकाला आवाज जरा कमी झाल्यावर खुशालभाऊ म्हणाले. "मिल सुरू असली का इथं सारेच बहिरे. बायको नवऱ्याले शिव्या देते, नवरा बिडी पेते. संसार चांगला चालते."

मी हसले नाही. मी मागे, उताराच्या दिशेनं पाहिलं.

"खुशालभाऊ, बाबांनी हाक मारली असेल?"

बांबू पाण्यातच राहिला. डोंगा आपोआप पुढे जात होता. समोर पूल होता, खाली लोखंडी जाळी. तिला धानाचं तणस आणि प्लास्टिकच्या गोण्या अडकलेल्या.

"मी काढला ना त्याले," ते म्हणाले. "बोटं पाहेली मी. नखं घासून गेली होती. पेरापेराले खरचटलं होतं. लोकं म्हनले, वाहत आला, घासला असन. मी डोंग्यावाला हावो बाई. वाहत आलेल्याची पाठ घासते, टोंगळे घासते. अशी दोनी हाताची बोटं नाई घासत."

मी त्यांच्याकडे पाहत होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"मंग तुमी का उडी म्हनू देलं?" मी विचारलं. घरचीच भाषा तोंडात आली.

"मी नाई म्हनलो. लोकं म्हनले. मी चूप बसलो. मले वाटलं, उडी म्हटलं तं पोरगी एक डाव रडन, मंग राहून जाईन. हे सांगतलं तं..." त्यांनी जाळीकडे हात केला.

मला हवं होतं ते मिळालं होतं. त्यांना जायचं नव्हतं. त्या भिंतीला धरून ते घराकडे यायला पाहत होते, आणि घसरत इथवर आले होते, मिलांच्या मागून, कुणालाही ऐकू न जाता. इतके दिवस मी याचीच आशा धरली होती. आता ते मनात ठेवायला जागा सापडत नव्हती. मी पदरानं तोंडावरची राख पुसली. ती अजूनच पसरली असावी.

"गावात सांगा हे," मी म्हटलं. "आधी अनुसयाबाईंना. मग राजदीपला मी सांगते."

"गावभर सांगत सुटली ना ते. त्या बुढीले झोप नाई येनार."

"मला तरी कुठं येणार आहे."

"अन् लोकं मले इचारतीन, इतके दिवस काऊन चूप होता गा?"

"विचारतीलच."

पुलावरून धानाचा ट्रक गेला, माती आमच्या अंगावर पडली. मग त्यांनी बांबू रोवला आणि डोंग्याचं तोंड गावाकडे वळवू लागले. पाणी उलट होतं. डोंगा हलेना.

"दुसरा बांबू हाय खाली," ते म्हणाले. "घ्या. दोघं लागतीन."

मी उभी राहिले.