आधी लिवा, मग सही

“उद्यापासून या जिल्ह्यात एकाबी निरपराध माणसावर जेलचं दार लागणार न्हाय!” महांतप्पाने हात उंचावून घोषणा केली. छत ठेंगणे असल्यामुळे खाजाभाईने आधी धावत जाऊन पंखा बंद केला.

लोहाऱ्यात खाजाभाईच्या टेलरिंगच्या दुकानात सुटका संघटनेची सभा होती. समोर सात जण. सहा जेल भोगून आलेले, सातवा पायजम्याचे माप द्यायला आलेला. त्यानेच उत्साहाने टाळी वाजवली. टाळीसरशी बाकीचे सहा जण दोन-दोनच्या जोडीने उकिडवे बसले. जेलात टाळी वाजली की गिनतीला असेच बसायचे, ती सवय. मापाचा माणूस बिचारा एकटाच उभा राहिला.

महांतप्पा अध्यक्ष. विहिरीवरची मोटार चोरल्याच्या आरोपात तो आत गेला होता. त्या चोरीची मोठ्यात मोठी शिक्षा तीन वर्षांची. महांतप्पा खटल्याची वाट बघत तीन वर्षे दोन महिने आत राहिला आणि मग निर्दोष सुटला. खरेच चोरी केली असती तर दोन महिने आधी घरी आला असता. हे गणित तो रोज सकाळी चहाबरोबर मांडी आणि पोलीस ठाण्यातल्या गुरुलिंग जमादाराचे नाव घेई. इतर लोक त्या वेळी देवाचे घेतात. या गुरुलिंगनेच कोऱ्या कागदावर पंचांच्या सह्या घेतल्या होत्या आणि मग महांतप्पाच्या कडब्यात मोटार सापडवली होती.

अध्यक्ष दुकानाचे दार स्वतः उघडत नसत, खाजाभाई उघडून देई. हा पदाचा मान असावा, अशी नव्या सभासदांची समजूत होती. घरी बायको शरणम्मा दार दिवसभर सताड उघडे ठेवी.

उद्या धाराशिवला कलेक्टरसाहेबांना निवेदन द्यायचे होते, त्यासाठी आज पाचच्या गाडीनेच निघायचे होते. पहिली मागणी : कोऱ्या पंचनाम्यावर सही घेऊ नये. पण पोलिसातला एखादा माणूस लिहून देईल तरच वजन पडेल, असे वकील म्हणाले होते.

तेवढ्यात दार लोटून साक्षात गुरुलिंग आत आला. निवृत्तीच्या तोंडावर लाच घेताना सापडून तो आठ महिने आत राहून आला होता.

“मलाबी संघटनेत घेता का?”

“या जमादार,” महांतप्पा गोड आवाजात म्हणाला. तीन वर्षे त्याने हे वाक्य निरनिराळ्या आवाजांत म्हणून ठेवले होते. “बसा. खुर्चीवर न्हाय. जोडीत.”

गुरुलिंग मापाच्या माणसाशेजारी उकिडवा बसला. गुडघे कडकड वाजले.

“कसं वाटलं आत?”

“लई वाईट, महांतप्पा.”

“तवा तर म्हांत्या म्हणत व्हता.”

महांतप्पाने कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढे केला.

“माझ्या केसमधी काय केलं ते लिहून द्या. मग सभासद.”

गुरुलिंगचा चेहरा खुलला. त्याने कोरा कागद ओढला, तळाशी झोकात सही केली आणि पुढे सरकवला. “घ्या. वर काय लिवायचं ते लिवा सवडीनं.”

शिलाई मशीन थांबले. त्या कोऱ्या जागेत दोन दरोडे सहज मावले असते. अक्षर बारीक काढले तर एक खूनही. महांतप्पाने पेन उघडले.

“लिवा की अध्यक्ष,” खाजाभाई कुजबुजला. “चार म्हशींची चोरीबी घाला.”

पेन कागदावर टेकले. बराच वेळ टेकलेलेच राहिले. मग महांतप्पाने कागदाचे सावकाश चार तुकडे केले.

“आधी लिवा, मोठ्यानं वाचा, मग सही. तुमच्या हातानं.”

गुरुलिंग उकिडवाच मागे सरकला. “आवं, बत्तीस वर्षं नोकरी केली, आधी कधीच लिवलं न्हाय!”

“आज लिवा.”

गुरुलिंग लिहू लागला. ओळ झाली की वाचायची.

“मोटार म्या ठिवली.”

“ऐकू आलं न्हाय.”

“मोटार म्याच ठिवली!”

“म्या न्हाय, मी लिवा. सरकारी कागद हाय. पुन्यांदा वाचा.”

सात वेळा वाचून घेतले. सगळे भजनाला बसल्यासारखे ऐकत होते. मापाचा माणूस माप विसरला होता.

शेवटची ओळ कुणी सांगितली नव्हती. गुरुलिंगने ती आपणहून लिहिली आणि खालच्या आवाजात वाचली : “याची बायको तीन दिवस ठाण्याच्या दारात भाकरी घेऊन बसली. ती भाकरी आत पोचली नाही. आम्ही खाल्ली.”

हे महांतप्पाला माहीत नव्हते. शरणम्मा कधी बोलली नव्हती. ही ओळ त्याने पुन्हा वाचायला लावली नाही.

सही झाली. पाचची धाराशिव गाडी थांबवून ठेवायला खाजाभाई स्टँडकडे पळाला. त्याच्यामागून बाकीचेही गेले. जाताना धूळ नको म्हणून कुणीतरी दार ओढून घेतले. दुकानात दोघेच उरले.

महांतप्पाने कागद घडी करून खिशात ठेवला, टोपी नीट केली आणि ताठ मानेने दारापर्यंत गेला. तिथे थांबला, जेलात दार उघडायची वाट बघत थांबे तसा. दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले.

स्टँडवरून गाडीचा हॉर्न आला. पुन्हा आला.

“जमादार,” मागे न बघता तो म्हणाला, “तेवढं दार उघडता का?”