मौनाचा शनिवार

त्या शनिवारी मैदानाकडेला बसलेल्या प्रत्येक आईबापाच्या तोंडात लॉलीपॉप होता. लीगचा फतवाच होता: वर्षातला एक शनिवार कुणी ओरडायचं नाही, कोचनेसुद्धा नाही, पोरींना त्यांचं त्यांना खेळू द्यायचं. घडीच्या खुर्च्यांवर चांगली बाप्येमाणसं गाल फुगवून बसली होती. वेंडलला एरवी हसू आलं असतं. आज आलं नाही.

बारा वर्षांखालच्या मुलींच्या या फुटबॉल संघाचा तो कोच. आज हरलं की संघ खालच्या गटात जाणार, आणि संघ खाली गेला की ब्रिन शेजारच्या क्लबात जाणार, तिच्यामागून आणखी तिघी. मग उरणार काय, कपाळ?

ब्रिन बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच आणि पळायला भन्नाट. मागून बॉल लांब उडवायचा आणि ब्रिनसारखीने धावत जाऊन गोल करायचा, एवढ्या भांडवलावर ओहायोतले निम्मे संघ जिंकत. वेंडलला या खेळाची चीड होती. पुढे बाकीच्या पोरीही उंच होतात आणि कालच्या राणीला बॉल पायाशी थांबवतासुद्धा येत नाही, हे त्याने कितीदा पाहिलं होतं. म्हणून वर्षभर त्याने एकच धोशा लावला होता: बॉल आला की मान वर, मोकळी मैत्रीण शोध, तिला दे. त्यापायी सामने हरले, बोलणी खाल्ली.

"काय कोच, आज तरी जिंकायचा विचार आहे, की पुन्हा शिकवणीच?" ब्रिनच्या वडिलांनी, डगनी, सामन्याआधी विचारलं होतं.

"दोन्ही जमेल, डग."

"वर्षभर हेच ऐकतोय. पोरगी पुढे उभी राहून कंटाळते हो. तुमचं ते नाजूक काम तिच्यापर्यंत पोचतच नाही."

"लॉलीपॉप घ्या," वेंडल म्हणाला. "लाल चांगला आहे."

ती शिकवणी मनापासून शिकली होती एकटी टोवा. बचावात खेळणारी, किरकोळ अंगाची. आधी बॉल पायाशी आला की ती रडवेली व्हायची. आता कुणी अंगावर धावून आलं तरी शांतपणे मान वर करून बघायची. तिच्याकडे पाहिलं की वेंडलला आपलं वर्ष वाया गेलं नाही असं वाटे.

सामना संपत आला तेव्हा एक-एक गोल झाला होता. बरोबरीही पुरणार होती. सगळीकडे चिडीचूप, पोरींच्या बुटांचा आवाज तेवढा येत होता. तेवढ्यात आपल्याच गोलसमोर बॉल टोवाच्या पायाशी आला आणि समोरच्या दोघी तिच्यावर धावल्या. टोवाने मान वर केली. डावीकडे इमानी मोकळी होती. वेंडलला दिसली, टोवालाही दिसली. तिने पाय वळवलाही.

"उडव!"

त्या शांततेत आवाज थेट पलीकडच्या मैदानापर्यंत गेला. तो आपलाच होता, हे वेंडलला क्षणभराने कळलं. टोवा दचकली आणि तिने बॉल भिरकावून दिला. ब्रिन धावली. गोल झाला.

खुर्च्या उलट्या पडल्या, लॉलीपॉप गवतात गेले. "आत्ता कसं!" म्हणत डगनी वेंडलच्या पाठीत थाप मारली. वेंडलला स्वतःची लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. यातलं जास्त काय वाटलं ते त्याला सांगता आलं नसतं.

खेळ पुन्हा सुरू झाला. बॉल घरंगळत टोवाकडे आला. जवळपास चिटपाखरू नव्हतं, इमानी तर हात वर करून उभी होती. टोवाने मान वर केलीच नाही. खाली बघून तिने अशी लाथ हाणली की बॉल थेट गाड्यांच्या रांगेपलीकडे गेला.

"शाबास, टोवा!" डग ओरडले. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

टोवा हसत वेंडलकडे बघत राहिली. बरोबर केलं ना, एवढंच तिला विचारायचं होतं. नुसती मान हलवून नाही म्हटलं असतं तरी तिला कळलं असतं.

वेंडलने अंगठा वर केला.