पेटीवरून पलीकडे

मांडवात दोन तट पडले होते आणि दोन्ही तटांना कॉफी या घरची सून जोवेलिनच देत होती.

एका बाजूला नोंग काद्यो; वडीलधाऱ्या पुरुषाला इथं नोंग म्हणतात. एल्युतेरियो काबाहुग, ज्याला सगळं बोहोल बेट ‘किलात’ म्हणजे वीज म्हणून ओळखायचं, तो मुष्टियोद्धा ज्या ज्या रिंगणात उतरला तिथं कोपऱ्यात बादली आणि टॉवेल घेऊन उभा राहिलेला हा म्हातारा. त्याच्यासमोर नोंग इस्योंग. एके काळी मुष्टियुद्धाचा पंच होता, आता तीनचाकी चालवायचा. दोघांच्या मधे पत्ते, कलिंगडाच्या भाजलेल्या बिया आणि किलातला शवपेटीत ठेवल्यापासून न संपलेला एकच वाद.

“त्याला फेरी संपल्याची घंटा ऐकूच आली नाही,” काद्यो म्हणाला. “सेबूचं ते स्टेडियम, माणसं नुसती बोंबलत होती. तू होतास का तिथं?”

“मी इथं होतो, रेडिओपाशी. आणि मला समुद्र ओलांडून ऐकू आली, काद्यो. त्याला डोक्यावर वाजलेली ऐकू आली नाही?”

आजूबाजूचे हसले. काद्योही हसला असता, पण इस्योंगला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं.

“सुरिगावचा तो पोरगा पाठ फिरवून आपल्या स्टुलाकडे चालला होता रे. मागून मारलं. आज त्याला बायको हात धरून चर्चला नेते, दिसत नाही म्हणून.”

“व्यायामशाळेला त्याचं नाव देतायत ते उगाच? आपल्या गावाचं नाव कुणी केलं? तुझ्या तीनचाकीनं?”

“व्यायामशाळेला माझ्या तीनचाकीचं नाव द्या म्हणतोय का मी? पण त्याचंही देऊ नका.”

जोवेलिननं काद्योच्या कोपराशी पडलेल्या बिया हळूच गोळा केल्या. तिची अडीच वर्षांची मुलगी तालिया दिसेल ती गोष्ट नाकात घालून बघत होती, आणि मांडवभर बियाच बिया. वर उकळत्या पाण्याचे थर्मास टेबलाच्या कडेला, वायरी उघड्या, मेणबत्त्या पोरीच्या उंचीवर. जोवेलिनला या घरातलं दुःख दिसायच्या आधी अशा गोष्टी दिसायच्या. लोक म्हणायचे, कॉलेजात शिकलेली सून, काळजीच फार करते.

तेवढ्यात तिची सासू प्रिमा, जिला ती नानाय म्हणजे आई म्हणायची, दारात आली. काळ्या झग्यात ती नेहमीपेक्षा उंच वाटत होती.

“पाद्री निघालेत,” ती म्हणाली. “पेटी आता बाहेर घेऊ. आणि एक सांगते, तालियाला पेटीवरून द्यायचं नाही.”

पत्ते थांबले. मेलेल्या माणसाची लहान नातवंडं, पेटी घराबाहेर पडायच्या आधी, तिच्यावरून या हातातून त्या हातात देतात. म्हणजे मग तो पोरांना भेटायला परत येत नाही, झोपेत हाका मारत नाही, ती तापानं फणफणत नाहीत. इथं हे कोणी चुकवत नाही.

“का गं प्रिमा?” इस्योंगनं विचारलं.

“का म्हणजे? किलातची गोष्ट चाललीये, कुणा ऐऱ्यागैऱ्या आजोबांची नाही. असा माणूस यायला नको म्हणून दार लावायचं? येऊ दे की त्याला नातीकडे. ठेवू दे डोक्यावर हात. त्याच्या हातातली वीज थोडी तरी उतरू दे घरात.”

“हे बोललीस लाखमोलाचं,” काद्यो म्हणाला आणि डोळे पुसले. मांडवातल्या बायका माना डोलवू लागल्या.

जोवेलिननं हातातला कप खाली ठेवला. गेल्या रविवारीच तिनं नवऱ्याला, एर्विनला, सांगितलं होतं, असलं काही मला पटत नाही, पोरीला पेटीच्या काचेवरून उचलायचं, हात सुटला तर? आणि आता सासूनं स्वतःच नको म्हटलं, तर तिला हायसं वाटायच्या ऐवजी भीती वाटत होती.

डोक्यावर हात.

एर्विनचा डावा कान बहिरा होता, पण जन्मापासून नव्हे. गावात सांगायचे, लहानपणी टायफॉइड झाला. तो सात वर्षांचा असताना जेवताना भात सांडला आणि बापाचा हात कानावर बसला, तोच तो टायफॉइड. लग्नानंतर पहिल्या वर्षीच एर्विननं हे तिला सांगितलं, तेही छताकडे बघत, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. इस्योंगसुद्धा सुरिगावच्या पोरासाठी गळा काढत होता, या पोरासाठी नाही.

आणि मागच्या महिन्यात तालियानं रेडिओ ओढून पाडला. एर्विनचा हात वर गेला. गेला आणि तिथंच थांबला, मग तो चपला न घालता समुद्रावर निघून गेला. त्यानं मारलं नव्हतं. कधीच मारलं नव्हतं. पण तालियानं फटका चुकवावा तशी मान खाली घातली होती. जिला आजवर कोणी बोट लावलं नाही, ती पोर मान कशी खाली घालते, हा विचार जोवेलिनची झोप तेव्हापासून उडवत होता.

ती स्वयंपाकघरात गेली. एर्विन बाकीच्या पाच खांदेकऱ्यांबरोबर पांढरा शर्ट घालून तयार होता. ती त्याच्या उजव्या कानाशी गेली.

“नानाय काय म्हणाल्या, ऐकलंस?”

“ऐकलं.”

“मला तालियाला पेटीवरून द्यायचंय.”

“तूच तर नको म्हणत होतीस.”

“आता हवंय. तू पलीकडे उभा राहशील?”

त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “आज नको, जोवे. आजचा एक दिवस जाऊ दे. आईला नवरा पुरायचाय.”

“आजच तो दिवस आहे. उद्या कशावरून देऊ?”

बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

पेटी दाराशी दोन बाकांवर आणून ठेवली होती. वर काच, काचेवर त्याचे रिंगणातले लाल हातमोजे. आत किलातचा चेहरा रंगवून तरुण केलेला. जोवेलिननं तालियाला कडेवर घेतलं, गर्दीतून वाट काढली आणि पेटीच्या एका बाजूला जाऊन उभी राहिली.

“पलीकडे कोण घेतं हिला?”

कोणी हललं नाही. तालिया तिच्या गळ्यातल्या साखळीशी खेळत होती.

“दाय, पोरी,” सासू हळू आवाजात म्हणाली, “मी सांगितलंय ना.”

“सांगितलंत, नानाय. मी ऐकलं. पण मला ते नकोय घरात.”

“ते म्हणजे काय?”

“त्यांचा हात.”

काद्यो पुढं आला. “सूनबाई, माणूस मेलाय. सगळी दुनिया त्याच्या घंटेबद्दल बोलते, आता तूही सुरू झालीस?”

“घंटेचं तुम्ही दोघं बघा, नोंग. ऐकली की नाही ऐकली, भांडा जन्मभर. या घरात तर घंटाच नव्हती. इथं कोण थांबवणार होतं त्यांना? पंच इथं चहा प्यायला यायचे, तुम्ही जेवायला यायचात. लढत थांबवायला फेकायचा टॉवेल कुणाच्या हातात होता?”

इस्योंग पत्ते जुळवू लागला, जुळलेलेच.

“ते मोठे होते,” जोवेलिन म्हणाली. “व्यायामशाळेला नाव द्या, पुतळा करा, माझं काही म्हणणं नाही. ते तुमचे. ही माझी आहे. हिला त्यांनी भेटायला यायचं नाही.”

सासू तिच्याकडे बघत राहिली. राग होता, पण रागाखाली आणखी काहीतरी हलत होतं. जोवेलिनला वाटलं, आता ही पोरीला ओढून घेणार. तिनं तालियाला घट्ट धरलं.

मग पेटीचा पुढचा डावा दांडा धरून उभा असलेला एर्विन तिथून निघाला. बापाच्या पायांकडून फिरून तो पलीकडे आला, बायकोसमोर उभा राहिला आणि दोन्ही हात पुढं केले.

“दे,” तो म्हणाला.

“दोंग, बाळा,” आई म्हणाली.

“दे, जोवे.”

प्रिमा दोन पावलं पुढं आली. काचेवरचे हातमोजे तिनं उचलले, पोटाशी धरले, आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, “पाय वर धर तिचे. काचेला लागतील.”

जोवेलिननं तालियाचे पाय दुमडले आणि तिला पुढं केलं. क्षणभर पोर दोघांच्या मधे, रंगवलेल्या त्या चेहऱ्याच्या वर होती. तिला तो खेळ वाटला आणि ती खिदळली. एर्विननं तिला छातीशी घेतलं.

पाद्री आले होते. खांदेकरी वाकले, पुढचा डावा दांडा रिकामाच होता. सगळे एर्विनकडे बघू लागले.

“नोंग काद्यो,” तो म्हणाला, “माझ्या जागी तुम्ही धरा. माझे हात मोकळे नाहीत.”