डावीकडची खिडकी

चार वाजून दहा मिनिटांनी गाडी जंक्शनला लागली. पन्नास मिनिटं उशीर. इंजिन सुटलं, शेजारच्या रुळावरून मागे गेलं आणि गाडीच्या शेपटाला जोडलं गेलं. जोडणीचा हिसका बसला तसा सातव्या रांगेतला निवृत्त ड्रायव्हर खुर्चीत ताठ झाला.

"काय झालं?" खिडकीशी बसलेल्या बायकोनं विचारलं.

"काही नाही. इंजिन लागलं."

"मग तोंड का पडलं?"

या मार्गावर बत्तीस वर्षं त्यानं गाड्या चालवल्या होत्या, पण त्याचं काम जंक्शनपासून पुढचं. तिथवर गाडी कुठल्या तोंडानं येते, हे त्याला कधी पाहावं लागलं नव्हतं. तिकीट काढताना त्यानं हट्टानं उजवीकडची खिडकी मागून घेतली होती. आता गाडी उलटी निघणार होती आणि ती खिडकी डावीकडची झाली होती. तळं उजवीकडे दिसत असे.

तळ्यासाठीच हा प्रवास होता. बायकोच्या डोळ्यांत काचबिंदू होता. नजरेच्या कडा केव्हाच गेल्या होत्या. समोरचं दिसे ते नळकांड्यातून पाहावं तसं, तेही भरपूर उजेड असला तर. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते, फार तर वर्ष. परतीची गाडी तळ्यावरून रात्री जायची. पाहायचं ते आजच.

गाडी चार पस्तीसला सुटली. थोड्या वेळानं बायकोनं बोटांनी हवेत काहीतरी जुळवलं.

"अहो, आपण पाठमोरे चाललोय. म्हणजे उजवी बाजू पलीकडची ना?"

"हो."

"मग गप्प काय बसलात? बोला की त्यांच्याशी."

पलीकडे खिडकीत एक जाडजूड गृहस्थ वर्तमानपत्र पसरून संत्री सोलत होते. त्यांच्या शेजारची खुर्ची जंक्शनपासून रिकामीच होती. ड्रायव्हर घसा खाकरत राहिला. शेवटी बायकोच बोलली.

"भाऊ, जागा बदलता का? आम्हाला तळं बघायचंय."

"तळं? इथे तळं आहे?" गृहस्थ चकित झाले. "पंधरा वर्षं येतोय-जातोय, मला कसं दिसलं नाही?"

"झोपत असाल."

"ते खरंय." त्यांनी सालं कागदात गुंडाळली. "या काकू, बसा. नाहीतरी इकडून ऊन खातंय मला."

नवरा-बायको पलीकडे गेले. बायको खिडकीशी नीट बसली, पदरानं काच पुसली. बाहेर झाडं, खांब, भिंती मागे मागे जात होत्या. ड्रायव्हरला हे नवीन होतं. बत्तीस वर्षं सगळं समोरून अंगावर आलं होतं.

"तुमची जागा इंजिनात कुठल्या बाजूला असायची?" तिनं बाहेर पाहतच विचारलं.

"डावीकडे."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्यानं हातातल्या पाण्याच्या बाटलीचं गच्च बसलेलं बूच पुन्हा पिळला.

यार्डाच्या कडेला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं तेव्हाची गोष्ट. ड्यूटीवरून आला की तो बादलीत गरम पाणी घेऊन पाय सोडून बसायचा. ती दाराच्या चौकटीला टेकून विचारायची, "आज दिसलं का तळं?" मग तो सांगायचा. डोंगराच्या पोटात तळं, तळ्यात बेट, बेटावर एकच घर, घराला हिरवं दार. छपरावर शेळी. मुलं अभ्यास टाकून ऐकायची.

"मी पाहिलेलं नाही ते," तो म्हणाला. "त्या वळणावर तीसचा वेग. उतार आणि पुढे लगेच सिग्नल. मान वळवायची सोय नव्हती. माझा असिस्टंट उजवीकडे बसायचा, ज्याला सगळे दुर्बीण म्हणायचे तो. तो बघायचा आणि मला सांगायचा."

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"नवीन क्वार्टरात आलो त्याच वर्षी दुर्बिणीच्या बायकोनं सांगितलं, नळावर. तिलाही तेच तळं, तेच बेट, तेच हिरवं दार. शब्दाला शब्द. फक्त तिच्या छपरावर शेळी नव्हती."

"शेळी मी घातली."

"तेच म्हटलं. मी तिला बोलले नाही हो. म्हटलं, शेळी आपली राहू दे."

पलीकडून संत्र्याचा वास आला.

"मग दरवेळी विचारायचीस कशाला?"

"घरी आलात की तुम्हाला दोनच विषय. सिग्नल आणि साहेब. तळ्याचं विचारलं की जरा माणसासारखं बोलायचात."

पाच वीसला एका लहान स्टेशनात गाडी थांबवली गेली. पुढे एकेरी मार्ग. समोरून मालगाडी यायची होती. डब्यातले लोक खाली उतरले, आळस देत फिरले, कुणी इंजिनातल्या ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडली. निवृत्त ड्रायव्हर मात्र उतरला नाही. सूर्यास्त सहा सोळाचा, हे त्यानं सकाळी वर्तमानपत्रात पाहून ठेवलं होतं. तळ्यावरचं ऊन किती वाजता जातं, हे दुर्बिणीला सांगता आलं असतं. दुर्बीण जाऊन चार वर्षं झाली होती.

"फलाटावरची पाटी दिसतेय?" त्यानं विचारलं.

"पाटी आहे एवढं दिसतंय."

मालगाडीचे डबे संपता संपत नव्हते. पाच बावन्नला गाडी हलली. बाहेरचा उजेड पिवळा झाला, मग करडा होऊ लागला. बायको काचेला कपाळ टेकून होती. तळ्याच्या अलीकडचा बोगदा जवळ आला तशी ती उठली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला खिडकीकडे ढकलू लागली.

"तुम्ही बसा इथं."

"अगं, तुझ्यासाठी तर..."

"बसा म्हणते ना. मी तुमच्या खांद्यावरून बघते, दिसेल तेवढं. नाही दिसलं तर तुम्ही सांगा. या वेळी बघून सांगा."

तो बसला. सवयीनं त्याचे डोळे रुळाकडे गेले, सिग्नल शोधू लागले. तिनं त्याची हनुवटी धरली आणि तोंड बाहेर वळवलं.

सहा वाजून अकरा मिनिटांनी गाडी बोगद्यात शिरली. डब्यातले दिवे लागले नाहीत.

"आता तुम्हालाही माझ्याएवढंच दिसतंय," ती म्हणाली. तिचा हात अजून त्याच्या हनुवटीखाली होता.

बोगदा अकराशे मीटरचा. तीसच्या वेगानं सव्वादोन मिनिटं. पलीकडे उजेड उरला होता की नाही, हे आतून कळत नव्हतं.