चारशेला दोन कमी

अहो, इकडे खाली बघा. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या चौथ्या पायाखाली. दिसलो? मी स्टोमसांच्या घरचा खोडरबर बोलतोय. अर्धाच उरलोय, पण तोंडाचा भाग शाबूत आहे, त्यामुळे बोलण्याची काळजी नको.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. आठवत नाही. आठवतं ते सेंट ओडिलो गावातल्या औषधांच्या दुकानातलं काचेच्या बरणीतलं आयुष्य. रंग गुलाबी, अंग लोण्यासारखं मऊ. १९९८ सालच्या वसंतात आमच्या मालकीणबाईंनी, आर्डिसबाईंनी, दोन पेन्सिलींबरोबर मला घरी आणलं, तर मालक मला बघून चक्क हसले.

"रबर कशाला? सतरा वर्षांत मी एक आकडा खोडलेला नाही!"

"असू दे रे खिशात," बाई म्हणाल्या. "माणूसच आहेस तू. कधीच न चुकणारा पोप नाहीस."

मालकांचं नाव लवर्न स्टोमस. आठवडाभर लोण्याच्या डेअरीत नोकरी, आणि रविवारी गावच्या बेसबॉल संघाचे अधिकृत गुणलेखक. अमेरिकेत मिनेसोटातल्या आमच्या गावात एक चर्च, एक डेअरी आणि एक मैदान आहे. चर्चमध्ये लोक डुलक्या काढतात. मैदानावर डुलकी काढलेला माणूस अजून मी पाहिलेला नाही.

गुणलेखकाचं काम तुम्हाला सोपं वाटेल. पोरांनी चेंडू मारायचा, यांनी वहीत लिहायचं. पण खरी गोम पुढेच आहे. फलंदाज मारून पळाला आणि बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या ठरलेल्या थांब्यावर, सुखरूप पोचला, तर तो कुणाच्या पुण्याईने पोचला हे गुणलेखकाला ठरवावं लागतं. फटकाच चांगला होता? मग 'हिट', फलंदाजाची कमाई. क्षेत्ररक्षकाने गचाळपणा केला? मग 'एरर', आणि फलंदाजाच्या नावावर भोपळा. पोरगा त्याच बेसवर, त्याच धुळीत उभा असतो. फरक फक्त मालकांच्या पेन्सिलीचा.

आणि या हिटांची सरासरी म्हणजे गावाचा जीव की प्राण. शंभर खेळींत चाळीस हिट मारले तर त्याला इथे 'चारशे' म्हणतात. ज्याने हंगाम चारशेवर संपवला त्याचं नाव मैदानाच्या फाटकावरच्या पाटीवर रंगवतात. साठ वर्षांत सात नावं. इथली माणसं लग्नाचा वाढदिवस विसरतात हो, पण १९७१ साली कुणाचं तीनशे ब्याण्णव होतं ते झोपेतून उठवून विचारा, सांगतील.

ऑगस्ट उजाडला, हंगामाची शेपटी उरली, की डोलोरेसच्या कॅफेला ऊत येतो. कॅरॅमल रोल आणि पाणचट कॉफी पुढे ठेवून यंदाचा मानकरी कोण यावर माणसं अशी भांडतात, की वाटावं जमिनीची वाटणी चाललीय. मालकांच्या शर्टाच्या खिशात बसून मी हे सगळं ऐकलं. एका हंगामात दोन सख्ख्या भावांनी एका कॅचरवरून, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूवरून, अबोला धरला. तो कॅचर दोघांनाही ओळखत नव्हता.

मी आलो त्याच वर्षी आपल्या घरात हा खेळ झाला. मालकांचा एकुलता एक मुलगा कर्ट. वीस वर्षांचा, लांब हातांचा, घरात फारसं न बोलणारा. त्या हंगामात त्याने असा धुमाकूळ घातला की शेवटच्या सामन्यात, शेवटच्या खेळीच्या आधी, त्याचं चारशे दोन झालं होतं. संघाचा प्रशिक्षक एलरॉय, गुरांच्या चाऱ्याचा दुकानदार आणि मालकांचा जानी दोस्त, त्याच्या कानाशी लागला.

"बाळा, आता बाकावर बस. पोट दुखतंय म्हण. पाटीवर नाव पक्कं!"

"बसून मिळवलेलं चारशे मला नको," कर्ट म्हणाला आणि बॅट घेऊन गेला.

फटका जमिनीवरून सणसणत शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाकडे गेला. तो पोरगा झेपावला, चेंडू हातमोज्याला लागला आणि निसटला. कर्ट बेसवर पोचला. मग सगळं मैदान वळून वर बघायला लागलं. लाकडी माचावर, मायक्रोफोनपुढे, आमच्याकडे.

मालकांचं काळीज माझ्या पाठीशी धाडधाड उडत होतं. आधी त्यांनी पेन्सिलीने अगदी फिकट काहीतरी लिहिलं. मग त्यांचा हात खिशात आला. दोन बोटं मला लागली. मी म्हटलं, आलो! आली माझी वेळ! पण बोटं माघारी गेली. जे फिकट लिहिलं होतं त्यावरच त्यांनी जोर देऊन पेन्सिल फिरवली आणि माईकवर म्हणाले, "एरर. शॉर्टस्टॉप."

एकशे आठ खेळी, त्रेचाळीस हिट. तीनशे अठ्ठ्याण्णव. चारशेला दोन कमी.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वही उघडी. मालक बेरजा तपासत होते. कर्टने विचारलं, "डॅड, कसा खेळलो मी?"

मालकांनी मान वर न करता सांगितलं, "तीनशे अठ्ठ्याण्णव."

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उत्तर बरोबर होतं ना? मीही त्यांच्याच खिशात वाढलेला.

पानगळीच्या दिवसांत कर्ट डुलुथ बंदरात बोटीवर नोकरीला गेला. गेला तो गेलाच. दोन मयतांना आला, दर नाताळात कार्ड, त्यात नुसती सही. गावाने निकाल देऊन टाकला: बापाने हिट नाकारला म्हणून पोरगा तुटला. पुढची सव्वीस वर्षं कॅफेत एकच वाद. हिट की एरर? एलरॉय म्हणायचा, "हिट! लोक काय म्हणतील या भीतीने बापाने पोराला कापलं!" मालक कॉफी अर्धी टाकून उठत. घरी येऊन ते १९९८ची वही कपाटातून काढत, ते पान उघडत, बघत बसत आणि पुन्हा ठेवून देत. दरवर्षी. मला मात्र कुणी हात लावला नाही. उलट मालकांची ख्याती वाढत गेली: लवर्न स्टोमस, कधीही न खोडणारा माणूस. मी त्या ख्यातीचा पुरावा म्हणून खिशात बसलो होतो, आणि बसून बसून कडक होत होतो. आमची जात अशी वाळते. वरून गुलाबी दिसते, आतून खडा.

आता गेल्या ऑगस्टचं ऐका. शाळेत गणित शिकवणाऱ्या जॅनेल बाई कॅफेत लॅपटॉप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सरासरी ही जुनी गोष्ट झाली. मी सगळं मोजलंय. यंदाचा मानकरी आपला कॅचर गस आहे."

एलरॉयच्या घशात रोल अडकला. "गस? दोनशे तीसवाला गस? त्याच्या हातात बॅट दिली तर तो तिला टेकून उभा राहतो!"

"म्हणूनच! तो वाईट चेंडूंना बॅटच लावत नाही, त्यामुळे त्याला फुकटचा बेस मिळतो. माझ्या हिशेबाने तो नसता तर आपण साडेतीन सामने जास्त हरलो असतो."

"साडेतीन?" एलरॉय उठून उभा राहिला. "अर्धा सामना कसा हरतात ते दाखव मला! पावसात?"

कोपऱ्यात गस बसला होता. त्याने हळूच विचारलं, "म्हणजे मी चांगला आहे का?" कुणी लक्ष दिलं नाही. त्याच्याबद्दलच बोलणं चाललं होतं ना, मग त्याला कशाला उत्तर द्यायचं!

गावाची पसंती मात्र ब्रॉडीला होती. ब्रॉडी वेल्ले, मिनियापोलिसहून शनिवार-रविवारी येणारा उपरा पोरगा, देखणा आणि ते माहीत असलेला. शेवटच्या रविवारी त्याचं गाडं तीनशे अठ्ठ्याण्णववर येऊन अडलं. हो, त्याच आकड्यावर! शेवटची खेळी. फटका जमिनीवरून सणसणत शॉर्टस्टॉपकडे. झेप, हातमोज्याला स्पर्श, आणि चेंडू निसटला.

मैदान वळलं आणि वर बघायला लागलं.

मालक आता पंचाहत्तरीचे. पण या वेळी त्यांचा हात खिशाकडे आलाच नाही. "हिट," ते माईकवर म्हणाले. "सामान्य खेळाडूला तो चेंडू गाठताही आला नसता. हिट."

टाळ्या पडल्या. आणि टाळ्या थांबल्यावर खालून एलरॉयचा आवाज आला. म्हातारा रडकुंडीला आला होता.

"परक्या पोराला हिट, लवर्न? मग कर्टचा काय होता रे?"

मालकांनी माईक बंद केला. तडक घरी आले. ऊन अजून खिडकीत होतं. त्यांनी १९९८ची वही काढली, ह्याच टेबलावर उघडली, आणि मला खिशातून बाहेर काढलं. सव्वीस वर्षांनी उजेड! आर्डिसबाई दारातच थबकल्या.

"आर्डिस," मालक म्हणाले, "मी भ्यालो होतो गं. लोक म्हणतील बापाने लिहिलं, एवढ्यालाच भ्यालो. पोराकडे बघितलंच नाही."

आणि त्यांनी मला त्या चौकोनावर टेकवलं.

खरं सांगतो, लाज वाटते सांगायला. मी कामाचा राहिलो नव्हतो. घासला तर पुसण्याऐवजी काळं फासलं. त्यांनी जोर लावला. मी आणखी काळं केलं. त्यांनी दात-ओठ खाऊन दाबलं, आणि एकदम दोन गोष्टी झाल्या: माझे दोन तुकडे झाले, आणि पानाला भोक पडलं. 'एरर' गेला, पण 'हिट' लिहायलाही जागा उरली नाही. भोकातून मागच्या पानावरची चर्चच्या भोजनाची जाहिरात दिसायला लागली.

मालक डोकं धरून बसले. बाईंनी फोन उचलला.

"कर्ट? तुझ्या बापाने खोडलं."

पलीकडून आवाज आला, "काय केलं?"

"खोडलं. रबराने. पान फाडून ठेवलंय."

"डॅडनी?"

शनिवारी सकाळी कर्ट दारात. कानशिलं पांढरी झालेली, हात अजून तेवढेच लांब. मालक उठले, वही पुढे केली. पाठ केलेलं भाषण होतं, मी चार दिवस ऐकत होतो. पण त्यातलं एवढंच बाहेर पडलं: "हिट होता, बाळा. चुकलो मी."

कर्टने भोक बघितलं. त्यात बोट घातलं. आणि तो हसायला लागला.

"एररच होता तो, डॅड."

"काय?"

"त्याच्या हातमोज्यात बसला होता चेंडू. माझ्या आजीने पकडला असता! मी पळता पळता बघितलं ना."

मालकांनी वही टेबलावर ठेवली. "मग... मग तू गेलास कशाला?"

कर्टचं हसू गेलं. तो याच टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "जेवताना मी विचारलं होतं, कसा खेळलो. तुम्ही मला आकडा सांगितला."

सव्वीस वर्षांचा कॅफेतला वाद, सगळे हिट, सगळे एरर, माझं वाळणं, हे फुटलेलं अंग... कुणी विचारलंच नव्हतं हो त्या पोराला! मी तर तिथे खिशात होतो, मी ते वाक्य कानाने ऐकलं होतं, आणि मलाही कळलं नव्हतं.

मालकांनी वही मिटली. बाजूला सारली. मग मान वर करून मुलाकडे नीट बघितलं.

"सुंदर खेळलास," ते म्हणाले. "बसून राहिला नाहीस ना, बॅट घेऊन गेलास. मी आर्डिसला सांगणार होतो, इतका सुंदर कुणी... सुंदर खेळलास, कर्ट."

कर्ट पन्नाशीला टेकलेला बाप्या माणूस. तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला. आर्डिसबाई उगाचच ओट्यावरचा स्वच्छ फडका धूत होत्या.

दुपारी तिघं कॅफेत गेले. मी नव्हतो, पण परत आल्यावर तिघंही इतके हसत होते की सगळं कळलं. कर्टने स्वतः सांगितलं तो एरर होता, तर एलरॉयने टेबलावर मूठ आपटली. "तुला काय कळतंय त्यातलं? तू पळत होतास!" आणि जॅनेल बाईंनी नियम काढून दाखवला, की निकाल बदलायचा तर चोवीस तासांत. मालकांना उशीर झाला तो खोडल्यापासून मोजायचा, म्हणजे सहा दिवस, की सामन्यापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, यावर नवीन वाद सुरू झालाय. नाताळपर्यंत पुरेल. कर्ट म्हणाला, तोपर्यंत मी आलोच की पुन्हा. मानकऱ्याचा मान ब्रॉडीला मिळाला, आणि गसला घरी जाता जाता मालकांनी पाठीवर थाप मारून सांगितलं, "चांगला आहेस तू." गस अजून ते सगळ्यांना सांगत फिरतो.

माझा एक तुकडा बाईंच्या झाडूबरोबर गेला. दुसरा त्यांनी ह्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवला. कडक आहे ना, इथे अगदी पक्का बसलोय. वहीवर जमलं नाही ते टेबलाखाली जमलं. वर माणसं जेवतात, आणि हल्ली आकडे कमी ऐकू येतात.

तुमच्याही घरात खिशात, डब्यात, कुठल्या तरी खणात माझा एखादा भाऊबंद पडला असेल. त्याला लवकर काढा, अहो. आम्ही मऊ असताना काढा. आणि जमलंच तर आधी ज्याच्यासाठी खोडायचंय त्याला विचारून घ्या, त्याने नेमकं काय विचारलं होतं.

बरं, पाय उचला जरा. जेवायची वेळ झाली, कर्टची गाडी वाजलीय बाहेर.